आत्याचं ‘कशावरून?’

“आत्या गेली, पण डोळ्यात टिपूस न्हाई बघा पोरीच्या. इंग्लिश शाळेतल्या पोरी अशाच, आतून कोरड्या.”

महिन्यापूर्वी, तेराव्याच्या दिवशी, आत्या राहायची त्या मस्तगडच्या घरात, मोठी काकू स्वयंपाकघरात शेजारणीला माझ्याबद्दल सांगत होती. पलीकडच्या खोलीत, शालूआत्याच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून मी ते ऐकलं आणि नेहमीसारखी गप्प राहिले.

आत्या बदनापूरला एका कचेरीत टायपिस्ट होती. रिटायर झाल्यावर तिने हा कॉम्प्युटर घेतला तो, मला तरी दिसलं तसं, फक्त सुरुंगांच्या खेळासाठी. बंद चौकोनांची जाळी, काहींच्या खाली सुरुंग. चौकोन उघडला की त्यातला आकडा सांगतो, भोवतालच्या घरांत किती सुरुंग आहेत ते. माझ्या मैत्रिणी हा डाव पाच मिनिटांत संपवायच्या. आत्याकडे एक डाव म्हणजे अख्खी रविवारची दुपार. माझा हात माउसवर गेला की ती म्हणायची, “थांब. कशावरून?”

“इथे एकचा आकडा आहे ना, आत्या.”

“एक मला बी दिसून राह्यला. कशावरून, ते सांग.”

मग सांगायचं... या एकच्या आकड्याला एकच बंद घर लागून आहे, म्हणजे सुरुंग तिथेच. शेजारच्या एकच्या आकड्यालाही तेच घर लागून आहे, म्हणजे त्याचा सुरुंगही तोच, त्याची बाकीची घरं मोकळी. मध्येच इंग्रजीत घसरले तर, “मराठीत सांग बाई, सुरुंगाला इंग्लिश येत न्हाई.” आणि ‘मला वाटतं’ म्हटलं की माउसच काढून घ्यायची. “वाटणाऱ्यांनी मटका लावावा!” एवढं करून कधी शेवटी दोन घरं उरायची, सुरुंग एक, आणि कुठे आहे ते ठरवायला काहीच नाही. मी म्हणायचे, उघड ना कुठलंही! ती सरळ डाव बंद करायची. चहावर साय धरलेली, दुपार वाया गेलेली. पुन्हा यायचंच नाही असं ठरवून मी घरी जायचे, आणि पुढच्या रविवारी यायचे.

खेळाबाहेरही तिचं तेच. मी कुणाशी बोलत नाही म्हणजे गर्विष्ठ आहे, असं घरात ठरून गेलं होतं. ते पहिल्यांदा तिच्यासमोर निघालं तेव्हा तिने पोळी लाटता लाटता विचारलं, “कशावरून?”

अशी ही बाई. दिवाळीनंतर तिचं जेवण तुटलं. विचारलं तर म्हणाली, “पित्त असंल.” असंल! जन्मभर मला एक चौकोन अंदाजाने उघडू दिला नाही, आणि स्वतःच्या पोटाचा अंदाज करून मोकळी झाली. तिचा तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मोठ्या माणसाला उलट कसं विचारायचं, म्हणून मी गिळला. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. तिचा अजून राग येतो... माझा त्याहून जास्त.

तेराव्याच्या त्या दिवशी मी लावलेल्या डावात शेवटची दोन घरं उरली होती. ती तशीच ठेवून मी बसले होते. आत्याने माउसखाली घातलेला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा मनगटाच्या जागी गुळगुळीत झाला होता. तेवढ्यात काकू शेजारणीला घेऊन दारात आली.

“हे कॉम्प्युटरचं खोकं भंगारात देऊन टाकू. हिला काय, आत्या असली काय, गेली काय, सारखंच.”

मी माउसवरचा हात काढला. खुर्ची दाराकडे वळवली.

“कशावरून, काकू?”