झोक्यावरची आई

माझ्या घरात पोरीच पोरी, अन् बोलायला कुणी नाही. डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात आलेल्या ह्या पोरी माझ्याकडं खोल्या करून राहतात. दिवसभर क्लास, मग दार लावून अभ्यास. "काकू, वायफाय गेलं," एवढ्याच आमच्या गुजगोष्टी. नवरा देवाघरी, लेक पुण्यात. घर नुसतं खायला उठतं बाई!

म्हणून मागल्या हिवाळ्यात चित्र करायला घेतलं. शाळेत मला साधा आंबा काढता आला नाही. पण मोबाईलवर एक बाई कापड, सुतळी, माती चिकटवून चित्र करताना बघितली. म्हटलं, एवढं तर आपल्यालाबी जमंल. काय करायचं ते ठरलेलंच होतं.

भूकंपाच्या आधीची येळवस. येळवशीला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या दिवशी पोरांसाठी बाभळीला झोका बांधलेला. आंबील पिऊन झाली, अन् आईनं पदर खोचला आणि झोक्यावर उभीच राहिली. आजी ओरडली, "अगं, लाज हाय का न्हाई?" तशी आई आणखी उंच गेली, मोठ्यांदा हसत. तिला तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या गणपतीत आम्ही दोघं भावंडं लातूरला मावशीकडं आलो होतो, म्हणून भूकंपातून वाचलो. घर, माणसं, आईचा एकुलता एक फोटो, सगळं ढिगाऱ्यात गेलं. मी मावशीकडं राहिले, दादा नांदेडला काकांकडं.

फळीवर गोणपाट चिकटवलं. पुट्टीत काळी माती कालवली आणि कंगव्यानं नांगरटीसारखे तास ओढले. झाडूच्या काड्यांची ज्वारी झाली. झोक्याला खरी सुतळी, लुगड्याला हिरव्या खणाचा तुकडा. तोंड मात्र जमेना. हसणं कानात होतं, तोंड कुठंच नव्हतं. पुट्टी लावायची, खरवडायची. रडू यायचं. शेवटी आई पाठमोरी केली, पण जीव थाऱ्यावर येईना. मला तिचं तोंड पाहिजे होतं.

मावशी, काका कधीच गेले; उरला दादा. त्याला ठाऊक असणार, तो मोठा. पण हा माणूस गावाचं नाव काढलं की उठून जायचा. दगडाच्या काळजाचा मेला! तरी फोन करून बोलावलंच.

तो आला. चित्रापुढं उभा राहिला, पदरावरनं बोट फिरवलं.

"आई हाय न्हवं?"

"हाव. दादा, सांग की, नाक कसं होतं तिचं? कुंकू केवढं लावायची?"

तो खाली बसला.

"मला न्हाई आठवत बाई. कवाच गेलं ध्यानातून. तू एक दिवस विचारशील, ह्याचंच भ्या वाटायचं. म्हणून गावाचा विषय निघाला की उठायचो."

मी त्याच्या शेजारी बसले. तिची आम्ही दोनच लेकरं. आता विचारावं तरी कुणाला?