बायकांचं युरिक ॲसिड

हेमाताई मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या आणि माईक म्हणजे आळशी माणसांची सोय, असं त्यांचं मत होतं. मैदानाच्या या टोकाला त्या बोलल्या की त्या टोकाच्या मुली रांगेत उभ्या राहत. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या घरात त्यांचे यजमान गोपाळकृष्ण वरचेवर "काय म्हणालीस?" असं विचारू लागले, तेव्हा हेमाताई त्यांना कान तपासायला घेऊन गेल्या. कान ठणठणीत निघाले. बायकोचाच आवाज खाली गेला होता.

पुढे चालताना त्यांचा उजवा हात हलेनासा झाला, अक्षर बारीक होत गेलं आणि मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुरुची यांनी पार्किन्सन्सचं निदान केलं.

"म्हणजे कंपवात? पण माझा हात थरथरत नाही."

"सगळ्यांचा थरथरत नाही. तुमचा ताठरतोय," डॉक्टर म्हणाल्या.

हेमाताई थोडे दिवस आजारावर रुसल्या. मग सदाशिव पेठेत पार्किन्सन्स झालेल्यांचा व्यायामाचा वर्ग भरतो, तिथे जाऊ लागल्या. वर्गात रंगनाथ नावाचे एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी एक दिवस सांगितलं, की ज्यांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त असतं, त्यांना हा आजार कमी होतो, असं संशोधनात दिसलंय.

हेमाताईंना घरी जाऊन हसू आवरेना. युरिक ॲसिड हा त्यांच्या घरातला जुना गुन्हेगार होता. ते वाढलं की गोपाळकृष्णांच्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजायचा. म्हणून तर त्यांचं मटण बंद झालं होतं.

"मग आता रविवारी मटण आणू ना?" गोपाळकृष्णांनी आशेने विचारलं.

"आणा. पण मला. तुमचं भरपूर आहे."

मटणाआधी डॉक्टरांना विचारावं, एवढा विवेक मात्र शिल्लक होता. डॉ. सुरुचींनी नीट ऐकून घेतलं.

"संबंध दिसलाय, पण ठळकपणे पुरुषांमध्ये. बायकांचं चित्र धूसर आहे. आणि युरिक ॲसिड मुद्दाम वाढवूनही पाहिलंय लोकांनी. त्याने आजार काही हळू झाला नाही. तुम्हाला मुतखडा तेवढा होईल."

"बायकांचं धूसर का?"

"बायकांच्या रक्तात ते मुळात कमी असतं, हे एक. आणि अभ्यासात बायका येतातच कमी. पुरुषांना त्यांच्या बायका घेऊन येतात. बायकांना कोण आणणार? आमच्या इथेही याचाच अभ्यास चालू आहे, रक्त द्यायचं आणि चालून दाखवायचं. पुरुष झाले गोळा. बायकांसाठी थांबलोय."

हेमाताईंनी तिथल्या तिथे आपलं नाव दिलं. मग वर्गातल्या बायकांना गाठायला सुरुवात केली. कुणाला सुई नको होती, कुणाच्या मुलाला वेळ नव्हता. वारज्याच्या मुक्ताई तर वर्गालाच यायच्या बंद झाल्या होत्या. हेमाताई गोपाळकृष्णांना घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

मुक्ताईंचे यजमान महिपती शाळेची व्हॅन चालवत. ते म्हणाले, "गोळ्या चालू हायेत की. आता आणि रक्त कशाला द्यायचं?"

"गोळ्या आजच्यासाठी आहेत," हेमाताई म्हणाल्या. "हे पुढच्यांसाठी. तुमची लेक आहे, नात आहे."

"मला जमायचं न्हाई. माझ्या फेऱ्या असतात."

इतका वेळ चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसलेल्या मुक्ताई म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्याच्या आपरेशनला मी दवाखान्यात झोपले. तवा घरातल्या माझ्या फेऱ्या कुणी केल्या?"

महिपतींनी गोपाळकृष्णांकडे पाहिलं. गोपाळकृष्ण भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"रविवारी गाडी मोकळी असते," अखेर महिपती म्हणाले.

हेमाताईंनी ते वाक्य खाली पडू दिलं नाही. "गाडीत जागा किती?"

त्या रविवारी पिवळी व्हॅन वारज्यातून निघाली आणि गल्लीगल्लीतून बायका गोळा करत हॉस्पिटलला पोहोचली. मुलांच्या बाकांवर बसताना गुडघे हनुवटीला लागत होते. एकीला डुलकी लागली, एकीने सगळ्यांना तिळाची वडी वाटली. रंगनाथ खास पाहायला आले होते. त्यांना हेमाताईंनी दाराशी पाणी देण्याच्या कामाला लावलं. रक्त झाल्यावर कॉरिडॉरमध्ये चालून दाखवायचं होतं. मुक्ताई दारापाशी आल्या आणि पाय जमिनीला चिकटल्यासारख्या थबकल्या. हेमाताई शेजारी उभ्या राहून जमेल तेवढ्या आवाजात "डावा, उजवा" म्हणू लागल्या, मागच्या बायकांनी सूर धरला आणि मुक्ताईंचं पाऊल सुटलं. डॉ. सुरुची हसत म्हणाल्या, "आता हे मदतीशिवाय एकदा."

हेमाताईंचं युरिक ॲसिड कमीच निघालं. अभ्यास अजून संपलेला नाही. बायकांच्या बाबतीत काय ते सांगायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात. मधल्या काळात हेमाताईंची एक गोळी वाढली आहे आणि निऱ्या घालणं जमेना म्हणून साडीची जागा पंजाबी ड्रेसने घेतली आहे.

वर्ग मात्र आता दर रविवारी भरतो, कारण व्हॅन रविवारीच मोकळी असते. महिपती पहिले काही आठवडे खाली गाडीतच पेपर वाचत बसत. मग उन्हामुळे वर आले. हल्ली ते बायकांकडे चेंडू टाकायचं काम करतात. मुक्ताईंकडे जरा जोरात टाकतात, आणि त्या तो झेलतात.