ठिपक्यांवरचा शिक्का

दर सोमवारी तो आमच्या पंचायतीत येतो. दाराशी काठी टेकवतो, माझ्या टेबलावरची नोटीस उचलून नाकाशी नेतो आणि म्हणतो, "बाब, शिक्को ताजो असा." त्याला दिसत नाही. मोबाईलवर आलेला मजकूर त्याचा फोन त्याला वाचून दाखवतो.

नोटिसा टाइप मीच करतो. पण शिक्क्याशिवाय कागद खरा कसा मानायचा? म्हणून छापतो, शिक्का मारतो, फोटो काढतो आणि गावच्या ग्रुपवर टाकतो. आजही तसाच टाकतो. त्यावर त्याचा फोन 'फोटो' एवढंच बोलतो.

दिव्यांगांच्या दाखल्यांसाठी साखळी शहरात शिबिर होतं, त्याची नोटीसही मी अशीच टाकली. शिबिर शनिवारी उरकलं. सोमवारी तो आला.

"माका वाटलां, कोणाच्या लग्नाचो फोटो आसतलो," एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी त्याने एक जाड कागद आणला. त्यावर ब्रेलचे उठावदार ठिपके होते.

"तक्रार असा."

मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आवक वहीत मी 'अर्ज, विषय वाचता येत नाही' असं लिहिलं आणि सवयीने कागदावर जोरात शिक्का हाणला.

त्याने कागद मागून घेतला. ओळींवरून फिरणारं त्याचं बोट शिक्क्यापाशी थांबलं. तिथले ठिपके चेपले होते.

"आता बरोबर झालां, बाब," तो म्हणाला. "आता ह्यां माका पण वाचूक येना."