खोडलेले ठिपके

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो पिम्पाच्या मागे लहानपणापासून होता. साप, वीज, प्राचार्य आणि सायकलचं पंक्चर, सगळ्यांना ती सारखीच भ्यायची. आकड्यांशी मात्र तिचं जमायचं, कारण आकडे उलटून बोलत नाहीत. थायलंडच्या ईशान्येकडच्या ईसानातल्या एका छोट्या कॉलेजात अठरा वर्षं ती जीवशास्त्राच्या मुलांना संख्याशास्त्राचं प्रात्यक्षिक शिकवत होती. सरासरी काढा, आलेख काढा, चुकला तर पुन्हा काढा. मुलं तिला, सगळ्याच शिक्षकांना म्हणतात तसं, आजान म्हणत.

सरावाला ती पुस्तकातले आकडे घेत नसे. दर जूनमध्ये सगळा वर्ग दवाखान्यात थोडं थोडं रक्त देऊन येई, आणि ज्याच्या त्याच्या तांबड्या पेशीचा आकार हाच वर्गाचा आकडा. कुणाचा अठ्ठ्याऐंशी, कुणाचा ब्याण्णव. कागदावर हजेरी क्रमांकासह ठिपक्यावर ठिपका चढे आणि मधोमध छान टेकडी उभी राही. डावीकडे लांब, पासष्ट-सत्तरच्या आसपास, दरवर्षी काही ठिपके भरकटलेले असत. त्यांवर पिम्पा लाल फुली मारी. "मशीनचा दोष," ती सांगे. नोकरीच्या पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवणाऱ्या ज्येष्ठ आजान वनिदांनी तिला हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा मशीन खरंच बिघडलेलं होतं. पुढे मशीन बदललं, फुली राहिली. मोठ्या माणसाला 'का' विचारणं म्हणजे त्याचा मान उतरवणं, अशा वळणात ती वाढलेली.

यंदा मोजमापातली चूक शिकवायची म्हणून तिने वर्गाला ऑगस्टमध्ये पुन्हा रक्त द्यायला पाठवलं. "आजान, आम्हाला शिकवताय की डासांना पोसताय?" मुलं कुरकुरली, पण गेली.

आलेख झाले, तास सुटला, आणि मुक नावाची मुलगी मागे रेंगाळली. दोन्ही वेळचे कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"आजान, रागावू नका हं. मला दोन्ही वेळा फुली. जूनमध्ये सहासष्ट, आता पण सहासष्ट."

"मशीनचंच काहीतरी असेल गं."

"मग ते एकदा माझ्यावर घसरलं असतं, एकदा दुसऱ्या कुणावर. इथे अकराच्या अकरा तेच आहेत. चूक इकडेतिकडे उडते, असं तुम्हीच शिकवलंत. हे तर जागा धरून बसलेत."

पिम्पाने एकेक क्रमांक ताडून पाहिला. पोरगी बरोबर होती. चाळिसांत अकरा. थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं पान तिने वाचलेलं होतं. ते शिकवायचं काम वनिदांचं, म्हणून तिने ते तिथेच सोडलं होतं. नुसत्या वाहकाला काही होत नाही, पेशी तेवढ्या लहान. पण नवराबायको दोघंही वाहक निघाले, तर चारांत एक मूल... पुढचं तिने मनातसुद्धा पुरं केलं नाही.

तिची मुलगी फाय याच वर्गात शिकली होती. जावई तोंगही. दोघांची ओळखच इथली. आणि फायला चौथा महिना होता.

जुने कागद कपाटात होते. पाच वर्षांपूर्वीचा काढताना तिच्या पाचावर धारण बसली. क्रमांक चौदा, सदुसष्ट, फुली. क्रमांक एकतीस, चौसष्ट, फुली. हजेरीपट तिने तीनदा पाहिला, कुणा दुसऱ्याचं नाव निघावं म्हणून. निघालं नाही.

तीन दिवस ती गप्प राहिली. पोटुशीसमोर अभद्र बोलू नये, बोललेलं बाळाला चिकटतं, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं आणि तिने फायला. वर्गात चारांत एक समजवायला ती दोन नाणी एकदम उडवून दाखवी. रविवारी तिने घरी ती उडवली. दोन्ही छापे पडले तशी तिने नाणी गोळा केली आणि सकाळच्या पहिल्या बसने मुलीचं गाव गाठलं.

फाय पपईचं सॅलड कुटत होती. "अगं आई, अशी न कळवता? आणि तोंड का सुकलंय? परत साप दिसला वाटतं!"

पिम्पाने चटईवर कागद पसरला आणि सगळं सांगितलं. "उद्याच खोनकेनच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. तू, तोंग, मी. घाबरू नकोस, चारांत तीनदा काहीच होत नाही."

मुसळ थांबलं. "मी तुला विचारलं होतं तेव्हा. आपल्या घरी, जेवताना. तू म्हणालीस, मशीनचा दोष."

"विचारलं होतंस."

"मग बघितलं का नाहीस?"

"टेकडी बिघडत होती गं," पिम्पा म्हणाली, आणि शरमेने तिची मान खाली गेली.

फायने एक हात पोटावर ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट ती कागदावर एका फुलीवरून दुसऱ्या फुलीवर नेत राहिली.

"आम्हाला सोडून या एका कागदावर अजून नऊ जण आहेत, आई. यांचीही लग्नं झाली असतील. अठरा वर्षांचे मिळून किती?"

पिम्पाला सांगता येईना. फुली मारलेला ठिपका मोजणीत धरायचा नसतो, हे तर ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत आली होती.