तळघर नंबर सातची आतली कडी

चहा बशीत ओतून निववायचे आणि परत कपात ओतून प्यायचे. खडू उजव्या कानावर ठेवायचे; सापडला नाही की डावा कान चाचपायचे. आपण केलेल्या फाटकाजवळून जाताना त्याला हात लावून पुढं जायचे, मालक समोर उभा असला तरी. लग्नाला गेले की दाराजवळची खुर्ची धरायचे. पाहुण्यांच्या न्हाणीत आंघोळ करतानाही कडी लावायचे नाहीत. आत कोणी आहे हे कळावं म्हणून मोठ्यानं गाणं म्हणायचे. गळा वाईट होता. कुणाच्या नव्या घरात पाऊल टाकलं की आधी दार बघायचे, मग माणसं.

हे मी तेव्हा कुठं टिपून ठेवलं नव्हतं. आता आठवेल तसं लिहितोय. प्रेमानंदअण्णांना जाऊन दोन महिने झाले. मला अजून ते पटत नाही.

खटकचिंचोळीत भालकीच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान, समोर आमचं किराणा. त्यांच्या दुकानात बाबासाहेबांचा फोटो, आमच्या दुकानात बसवण्णांचा. दोन्ही फोटोंच्या लोखंडी चौकटी अण्णांनीच केलेल्या, एकाच पट्टीच्या. मी उदगीरला मराठीत एम. ए. केलं आणि नोकरी नाही म्हणून परत आलो. दिवसभर त्यांच्या स्टुलावर बसून असायचो. मी चोवीसचा, ते सेहेचाळीसचे. ते मला मास्तर म्हणायचे, मी कुठंच मास्तर नव्हतो तरी.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कलबुर्गीहून गुरुबसव नावाचा माणूस आला. त्याला सिनेमा काढायचा होता. 'तळघर नंबर सात'. शहराच्या पोटात चोरून मारामाऱ्या चालतात. दोन माणसांना लोखंडी पिंजऱ्यात सोडतात, बाहेरून कुलूप घालतात, चावी व्हिलनच्या खिशात. एक जण पडेपर्यंत दार उघडत नाही. हिरोचा भाऊ तिथंच मेलेला, म्हणून हिरो आत जातो. एवढीच गोष्ट.

गुरुबसवनं संवाद कन्नडमध्ये लिहिले होते. ते मराठीत आणायला त्यानं मला धरलं, आणि पिंजऱ्यासाठी मी त्याला रस्ता ओलांडून अण्णांकडं नेलं.

त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. आठ बाजू, उंच जाळी, एक दार. अण्णांनी ते बराच वेळ बघितलं.

"कुणाला कोंडायचं यात?"

"माणसांना."

"जनावर न्हाई?"

"न्हाई अण्णा. माणसंच."

अण्णांनी खडू काढला आणि फरशीवर आठ बाजू आखायला घेतल्या.

गुरुबसवनं त्यांना शब्द दिला की नाव पडद्यावर येईल. 'लोखंडी काम : प्रेमानंद रामराव, खटकचिंचोळी.' त्या दिवसापासून अण्णांची चाल बदलली. एवढी फाटकं, एवढ्या खिडक्या केल्या, पण कशावरही त्यांचं नाव नव्हतं. घराच्या दगडावर मालकाचं नाव असतं, मिस्त्रीचं नसतं. त्यांनी मुडबीला फोन करून आईला सांगितलं. चांगुणाबाई थोरल्या मुलाकडं राहतात. साक्षरतेच्या वर्गात त्या म्हातारपणी अक्षरं शिकल्या. वाक्यं जमत नाहीत, पण नाव दिसलं की बोट ठेवून वाचतात. त्या फोनवर म्हणाल्या, पडद्यावर बोट कसं ठेवू? अण्णा हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

नऊ दिवसांत पिंजरा झाला. मी रोज बघत होतो. गुरुबसव म्हणाला होता की आत पडेल तो माणूस आपटायला पाहिजे, पण चिरायला नको. अण्णांनी प्रत्येक टोक घासून गुळगुळीत केलं आणि स्वतःचा गाल लावून बघितला.

शूटिंगला तळघर मिळालं नाही. भालकीजवळ बंद पडलेली एक डाळीची मिल मिळाली. खिडक्यांना पोती लावली, झालं तळघर. पारवे मात्र वरून हलेनात. तुरीच्या भुशानं हिरोला शिंका यायच्या, आणि शिंक आली की व्हिलनला हसू यायचं. दोघंही पोरं चांगली होती. हिरो हुमनाबादच्या जिममध्ये शिकवायचा.

पहिल्या दिवशीच कॅमेरावाल्याच्या नजरेला एक कडी पडली. दाराला आतून, वीतभर लांब. बाहेरचं कुलूप ज्या पट्टीला लागायचं, ती पट्टीच या कडीनं धरलेली होती. आतून कडी वर केली की कुलपासकट दार उघडायचं.

गुरुबसवनं स्वतः आत जाऊन करून बघितलं आणि बाहेर आला. चेहरा उतरला होता.

"अण्णा, ही काय भानगड?"

"कडी हाय."

"आतून?"

"आतूनच. मी केलेल्या सगळ्या दारांना असती."

ते खरं होतं. आमच्या दुकानाच्या शटरलाही आहे. मला वाटायचं, सगळ्याच शटरना असते.

गुरुबसवनं समजावून सांगितलं. आतून दार उघडलं तर सिनेमाच संपला. चावीला अर्थ नाही, व्हिलनला अर्थ नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, ग्राइंडर मारून काढून टाका. अण्णांनी नुसती नकाराची मान हलवली. गुरुबसव वैतागला. म्हणाला, कडी राहिली तर पडद्यावर नाव येणार नाही, आता तुम्हीच ठरवा.

मी अण्णांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि परत ठेवला. मला वाटलं, काढतील. मुडबीचा फोन मी ऐकला होता.

"न्हाई निघायची," ते म्हणाले.

"पण कामून?"

"मी आत होतो एकदा."

एवढंच बोलून ते बाहेर जाऊन बसले. पुढचं मला परतीच्या वाटेवर टेम्पोत कळलं. हैदराबादच्या एका कारखान्यात ते काम शिकले. मालक दुपारी जेवायला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा, कामगार चहाला पळू नयेत म्हणून. एकदा मशीनची मोटार जळाली. धूर झाला. आत अकरा जण, आणि चावी मालकाच्या खिशात. दार उघडायला वीस मिनिटं लागली. सगळे वाचले. वाचलो म्हणूनच ध्यानात राहिलं, असं ते म्हणाले. मग मिलमधल्या पारव्यांबद्दल बोलायला लागले.

दुसरा वेल्डर आणायला गुरुबसवकडं दिवस नव्हते. त्यानं कडीला काळा रंग फासला आणि शूटिंग सुरू केलं. अंधारात कुणाला दिसतंय, म्हणाला.

पण झालं असं, की कट म्हटलं की हिरो आणि व्हिलनचा माणूस, आत लढणारी ती दोन पोरं, कुणाची वाट बघायची नाहीत. आत उकडायचं. हात घालायचे, कडी वर करायचे, बाहेर येऊन पाणी प्यायचे. दिवसातून चाळीस वेळा. रोज घामाचे हात. शेवटच्या दिवशी शेवटची मारामारी घेतली, तेव्हा कडीवर रंगाचा ठिपका उरला नव्हता. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

सिनेमा दिवाळीनंतर बीदरला लागला, दुपारच्या खेळाला. आमच्या गावातून दोन जीप गेल्या. मुडबीहून चांगुणाबाई आल्या, इस्तरीचं लुगडं नेसून. अण्णांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, त्यांना पडद्याच्या बरोबर मधोमध बसवलं. अण्णा दाराजवळच्या खुर्चीवर. आईला नावाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, तिनं इस्तरी करून ठेवलीया.

सिनेमा वाईट होता. मी त्यात होतो, म्हणून मला सांगता येतं. हिरोचा भाऊ मरताना बाहेर बस हॉर्न देते. जमिनीखाली पारवे घुमतात. पहिल्या अर्ध्या तासात लोक मोबाइल बघायला लागले. माझे संवाद ऐकताना मी खुर्चीत खाली सरकत होतो.

मग शेवटची मारामारी आली. व्हिलननं कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, जाळीला तोंड लावून म्हणाला, "इथून आता एकच जण चालत बाहेर जाईल." ते वाक्य माझं होतं. मला ते फार आवडलं होतं. आणि त्याच्या तोंडाशेजारी, दाराच्या आतल्या बाजूला, ती कडी आरशासारखी चमकत होती.

मागून कुणीतरी म्हणालं, "कडी काढ की रे."

थिएटर हसलं. हिरो पडला की लोक म्हणायचे, कडी. व्हिलनच्या माणसानं गळा धरला की, कडी कडी. हिरोचं रक्त जाळीवर उडालं, आणि एक म्हातारा काकुळतीनं म्हणाला, "अरे लेका, हात वर कर, तिथंच हाय." पूर्ण सिनेमात लोकांनी हिरोची काळजी केली ती तेवढीच.

मी मागं वळून अण्णांकडं बघितलं. ते हसत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडं बघत होते.

शेवटी नावं आली. चांगुणाबाई उभ्या राहिल्या. बोट हवेत धरून प्रत्येक ओळीबरोबर वर नेत होत्या. माझं नाव आलं, शिवशंकर, तेही चुकीच्या रकान्यात. जेवण देणाऱ्याचं आलं. टेम्पोवाल्याचं आलं. मग पडदा पांढरा झाला. बोट तसंच होतं.

आम्ही बाहेर आलो. अण्णा आईजवळ गेले आणि खाली बघत राहिले. म्हातारीनं त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली. तिथं धूळ नव्हती.

"नाव सापडलं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "कडी तेवढी वळखली. आपल्या न्हाणीला हाय तसलीच. तूच केलास न्हवं ते?"

"व्हय आई."

"मग झालं की."

जीपमध्ये अण्णा गाणं म्हणत होते. कुणी थांबवलं नाही.

सिनेमा तीन दिवस चालला. पुढं महिन्याभरानं गुरुबसव टेम्पोत पिंजरा घालून दुकानात आला. ठेवायला जागा नव्हती त्याच्याकडं. अण्णांनी त्याला स्टूल दिलं, मी जमिनीवर बसलो. चहा आला. अण्णांनी तो बशीत ओतला, निववला, कपात ओतला. गुरुबसव ते बघत राहिला आणि मग म्हणाला, कलबुर्गीत लोक मला कडीवाला डायरेक्टर म्हणायलेत. अण्णा इतके हसले की चहा सांडला. बोलता बोलता त्यानं एक कबूल केलं. शूटिंगच्या चौथ्या दिवशी हिरोला आत चक्कर आली होती, आणि आत लढणाऱ्या दुसऱ्या पोरानं क्षणात दार उघडून त्याला बाहेर आणलं होतं. चावी कुठं होती, तर व्हिलनच्या पँटीत, आणि व्हिलन चहाला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी दुसरा चहा मागवला.

पिंजऱ्याचं काय करायचं ते अण्णांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. विहाराशेजारच्या खोलीत परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली बसतात. खोलीला खिडक्या होत्या, जाळ्या नव्हत्या. दाराला फळ्या ठोकलेल्या. आठ बाजूंतून सहा खिडक्या आणि एक दार निघत होतं. उरलेल्या बाजूचं पुस्तकांचं शेल्फ. ते मला म्हणाले, मास्तर, पुस्तकं तू आण. मी आणली.

सहा खिडक्या बसल्या. शेल्फ झालं. दाराचा सांगाडा झाला, जाळी झाली, बिजागऱ्या झाल्या. सिनेमातल्या दाराची कडी घासून घासून पातळ झाली होती, म्हणून नवी कापली. बुधवारी दुपारी ती कापून ठेवली आणि जेवायला घरी गेले. ताटावर बसताना छातीत कळ आली. भालकीला नेईपर्यंत संपलं होतं. मंगलवहिनी म्हणाल्या, घरातून बाहेर काढताना सुद्धा दाराकडं बघत होते.

दार दुकानात भिंतीला टेकून उभं आहे. मुलं म्हणतात, दुसऱ्याकडून कडी मारून घेऊ. परवा भालकीहून धोंडप्पा वेल्डर आला होता. त्यानं दार बघितलं, कडी हातात घेतली, आणि विचारलं, बाहेरून मारायची न्हवं?

मी म्हटलं, राहू दे.

दाराच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, खडूच्या दोन रेघा आहेत. मधलं अंतर वीतभर. मी त्यांना हात लावत नाही. कडी खाली फरशीवर आहे, त्यांनी ठेवली तिथंच.