गाडी थांबली की बसायचं

आमच्याकडे बोदलकसाच्या बाजूनं तिरोड्याला जायचं झालं तर माणूस पायीच निघतो. एसटीची वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. थोडं चाललं की मागून मोटारसायकल येते, जवळ आली की हळू होते आणि आपण मागे बसतो. कोणाची गाडी, कोण चालवतो, हे बसल्यावर पाहायचं. चालवणारा विचारतो, "कोणाकडचे जी तुमी?" आपण सांगतो. मग त्याचा मामा निघतो, आपला साडू निघतो आणि तिरोडा येईपर्यंत काही ना काही नातं लागतंच. उतरायची जागा आली की त्याच्या खांद्यावर थाप मारायची, रामराम करायचा आणि चालू लागायचं. पैशाचं नाव काढलं तर माणूस रागावतो. मी जन्मभर असाच फिरलो आहे.

हे आधी सांगितलं, कारण बँकॉकात जे झालं ते आता गावात जो तो आपल्या पदरचं घालून सांगतो. पानठेल्यावर माझ्यासमोर सांगतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवू. मी चौथीपर्यंत शिकलो आहे, तेवढ्यात हे लिहिता येतं.

बँकॉकात माझी पोरगी राहते. जावई तिथल्या कंपनीत आहे. पोरीचं दुसरं बाळंतपण नुकतंच झालं होतं, म्हणून आमची बुढी, पोरीची माय, जाणारच होती. मला मात्र घरी एकटं ठेवायला ती तयार नव्हती. म्हणे, तुम्हाला चूल पेटवता येत नाही आणि चार दिवसांत शेजाऱ्यांशी भांडण कराल. धान चुरून, मळून झालं होतं, बैलांकडे पाहायला पुतण्या होता. गोंदियाहून हावड्याची गाडी धरली, कलकत्त्याहून विमान. विमानात बुढीनं डोळे मिटले ते उतरल्यावरच उघडले. मी उघडे ठेवले. पाहण्यासारखं काही नव्हतं, ढग होते.

पोहोचलो त्याच संध्याकाळी जावयानं मला समोर बसवून रस्त्यावर कसं वागायचं ते सांगितलं. थैली रस्त्याच्या बाजूला लटकवायची नाही, भिंतीच्या बाजूला लटकवायची, कारण मोटारसायकलवरून येतात आणि ओढून नेतात. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं नाही. कोणी गोड बोलून म्हटलं की आज मंदिर बंद आहे, चला दुसरीकडे नेतो, तर त्याच्यासोबत जायचं नाही. तिथे फुटपाथवरूनही मोटारसायकली येतात, म्हणून मागे पाहत चालायचं. जावई चांगला माणूस आहे. मी सगळं ऐकून घेतलं.

पोरीनं मात्र हद्द केली. घराचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, दोरी लावून माझ्या गळ्यात घालायला आणला.

मी म्हटलं, "हे लोढणं कायले?" पळणाऱ्या गुराच्या गळ्यात आम्ही लाकडाचं लोढणं बांधतो, ते.

"बाबा, हरवले तर कोणाले दाखवता येईन."

"मी आजवर हरवलो आहे का?"

"गावात हरवाले जागा आहे का?" पोरगी म्हणाली. तिचं तोंड तिच्या मायवर गेलं आहे. शेवटी दोरी काढून पत्ता खिशात ठेवतो म्हटलं, तेव्हा तिनं मानलं.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. मोठी नातीन पहिलीत आहे. तिची शाळेची व्हॅन दुपारी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे थांबायची आणि शेजारची एक बाई जाऊन तिला आणायची. पोरीला बाळंतपणामुळे रस्त्यावरच्या पायी जायच्या पुलाच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. ही नातीन मला फोनमधला आबाजी समजत होती. घरात मी समोर बसलो असलो तरी ती मला काही सांगायला बुढीच्या मागे लपून सांगायची. मला वाटलं, शाळेतून उतरल्यावर तिला आधी मी दिसलो पाहिजे. एवढंच पाहिजे होतं. मी पोरीला म्हटलं, सोमवारपासून मी आणतो. ती म्हणाली, आधी चार दिवस एकटे फिरून दाखवा, मग पाहू. आणि आणायचं तर पायऱ्यांच्या पुलावरून, रस्ता ओलांडून नाही.

मी म्हटलं, रस्ता असताना माणसानं आकाशातून कायले जायचं. गुडघ्याची गोष्ट मी काढली नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. थैली भिंतीच्या बाजूला, छत्री हातात. गल्लीत पहाटेच भात शिजवून, प्लास्टिकच्या लहान लहान पिशव्या बांधून विकतात. तो भात चिकट असतो, हातानं गोळा करून खातात, सोबत भाजलेली कोंबडी. जावयानं दिलेली एक नोट खिशात होती, ती देऊन मी एक पिशवी घेतली आणि खाल्ली. भात वाईट नाही, पण आमच्या चिन्नोर तांदळासमोर नाही. वर खांबांवर वायरींची एवढी गुंडाळी, की सुगरणीनं घरटं अर्धवट सोडल्यासारखं. कुत्री दुकानाच्या काचेच्या दरवाजासमोर झोपलेली. दरवाजा उघडला की आतून गार हवा येते, म्हणून. लोक त्यांना ओलांडून जातात, हाकलत कोणी नाही. मला ते आवडलं.

गल्लीच्या तोंडाशी एक माणूस मोटारसायकल घेऊन माझ्याजवळ आला आणि हळू झाला. अंगात नारिंगी जाकीट, माझ्या पुतण्याच्या वयाचा. माझ्याकडे पाहून मान हलवली. आता सांगा, गाडी थांबली, माणसानं मान हलवली, मी काय करणार? बसलो. त्यानं एक हेल्मेट पुढे केलं. मी ते डोक्यात घातलं. त्यानं काहीतरी विचारलं. मी समजलो, कोणाकडचे म्हणून विचारत असणार. मी पोरीचं नाव सांगितलं आणि हातानं समोर दाखवलं. त्यानं गाडी अशी काढली की दोन बसच्या मधल्या जागेतून आम्ही गेलो. मी गुडघे आत घेतले. भाजीबाजार दिसला, तेव्हा त्याच्या खांद्यावर थाप मारली. उतरलो, दोन्ही हात जोडून रामराम केला. त्यानंही हात जोडले. म्हटलं, हे लोक अगदी आपल्यासारखे आहेत. आणि चालू लागलो.

बाजारात थोडा आत गेलो असेन, तर मागून ओरडणं ऐकू आलं. वळून पाहिलं तर तोच नारिंगी जाकीटवाला गाडी सोडून माझ्या मागे धावत येत होता. मला जावयाचं सगळं आठवलं. आधी गोड वागतात, मग ओढून नेतात. मी थैली पोटाशी धरली आणि भराभरा निघालो. तो अजून जोरात आला. मासळीवाल्या बायांच्या मधून गेलो, तिथे फरशी ओली होती, म्हणून धावता येत नव्हतं. शेवटी वळलो आणि छत्री वर केली.

तो थांबला. लांबूनच त्यानं आपल्या डोक्यावर दोन टपल्या मारल्या.

आमच्याकडे असं केलं तर अर्थ एकच होतो, तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी चिडलो. छत्री खाली न करता दुसऱ्या हातानं मीही माझ्या डोक्यावर टपल्या मारून दाखवल्या, की तुझंच नाही. तर माझ्या हाताला टणक लागलं. टक टक वाजलं.

मासळीवाल्या बाया आधी हसल्या. मग तो हसला. मी हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. माझी मान ताठ होती, हे सांगून ठेवतो.

पण तो जाईना. तळहात पुढे करून उभा. एका बाईनं बोटं चोळून दाखवलं तेव्हा लक्षात आलं की तो भाडं मागत होता. मोटारसायकलचं भाडं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चोरांचं सगळं सांगितलं होतं. जवळची नोट भातात गेली होती, म्हणून मी खिशातला पोरीनं लिहिलेला पत्ता काढून दिला. त्यानं वाचला, मला पुन्हा मागे बसवलं, पुन्हा हेल्मेट घातलं आणि घराच्या फाटकाशी आणून उभा केला. चौकीदारानं वर फोन केला. पोरगी लहान बाळाला खांद्यावर घेऊन खाली आली. तिनं भाडं दिलं, त्या माणसाशी त्यांच्या भाषेत बोलली. त्यानं सगळं हातवारे करून दाखवलं, छत्रीसकट. पोरगी हसली नाही.

लिफ्टमध्ये म्हणाली, "बाबा, ते टॅक्सी होती."

"मोटारसायकल टॅक्सी कशी राहीन?"

"राहते इथी. अन् काऊन बसले तुमी? कोणीही थांबला की बसता?"

"थांबला म्हणूनच तर बसलो ना."

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "पोरीले आणाचं नाव आता काढू नका. उद्या तुमच्यासंगं ती पण बसंन."

हे मला लागलं. छत्री, हेल्मेट, मासळीवाल्या बाया, हे सगळं मी विसरलो असतो. बुढीनं त्या दिवशी मला न मागता चहा दिला, यावरून समजा.

मला फक्त गल्लीच्या तोंडापर्यंत जायची परवानगी राहिली. त्या तोंडाशीच नारिंगी जाकीटवाल्यांचा लाकडी बाक होता. गिऱ्हाईक नसलं की ते तिथे बसून बाटल्यांच्या झाकणांनी पाटावर सोंगट्या खेळत. पहिल्या दिवशी मी तिकडे पाठ करून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तो हेल्मेटवाला उठला, बाकावर जागा करून दिली आणि माझ्याकडे पाहून डोक्यावर दोन टपल्या मारल्या. बाकीचे हसले. मीही टपल्या मारल्या. मग बसलो.

बसलो की विचारायची सवय आहे, कोणाकडचा? मी विचारलं. त्याला कळलं नाही, पण त्यानं फोन काढून बायको दाखवली, दोन पोरं दाखवली आणि मग एक बांधी दाखवली. धानाची बांधी, पाण्यानं भरलेली, बायका वाकून रोपांचा रोवणा, लावणी करत आहेत. अगदी आमच्यासारखीच. मी उठलो आणि रस्त्याच्या कडेला वाकून रोवण्याचा हात करून दाखवला, मागे सरत सरत. तो माझ्या बाजूला वाकला आणि त्यानंही करून दाखवलं. त्यांचा हात थोडा वेगळा आहे, रोप अंगठ्यानं दाबतात. मी माझाच बरोबर आहे असं सांगितलं. त्यानं त्याचा. येणारे जाणारे पाहत होते, दोन माणसं डांबरावर रोवणा करून राहिली म्हणून.

त्यानंतर मी रोज बाकावर. झाकणांचा खेळ शिकलो. हेल्मेटवाला त्यात कच्चा आहे, पण मान्य करत नाही. बसता बसता एक पाहिलं. गल्लीतली शाळेत जाणारी प्रत्येक पोर त्यांना माहीत होती. दुपारी पुलाच्या पायऱ्यांशी पोरं उतरली की हे लोक गल्लीत शिरणाऱ्या गाड्यांना हात करून थांबवत. माझी नातीन शेजारच्या बाईचा हात धरून यायची. ते तिला हात हलवत, ती त्यांना हलवी, मला नाही. मी त्या वेळी पाटाकडे पाहत असे.

मग एक दिवस मला ताप भरला आणि मी खाली गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चौकीदाराचा फोन आला. पोरगी खाली गेली आणि वर आली तेव्हा तिच्या हातात केळीची फणी होती. तीन जण फाटकाशी आले होते, म्हातारा कुठे आहे म्हणून विचारायला.

ती माझ्या खाटेवर बसली. म्हणाली, "एवढे वर्षं झाले मले इथी. या गल्लीत माझं नाव कोणाले माहीत नाही. तुमाले काय म्हणतात ते, माहीत आहे का?"

"काय?"

"आबाजी. माझ्या पोरीचं ऐकून शिकले."

मी केळं सोललं. पोरगी फणीकडे पाहत बसली. मग उठता उठता म्हणाली, "बरं वाटलं की जा. पण पुलावरूनच."

मी हो म्हटलं. यापेक्षा मोठा पूल असता तरी हो म्हटलं असतं.

पुलाला किती पायऱ्या आहेत ते मी मोजलं नाही, मोजल्या तर जास्त वाटतात. कठड्याला धरून चढलो. वर पोहोचल्यावर थोडा वेळ थांबून दोन्ही बाजूंची वाहनं पाहिली. कोणी विचारलं असतं तर सांगणार होतो की पाहतो आहे. खालून हेल्मेटवाल्यानं हात केला. मग पलीकडे उतरलो आणि व्हॅनची वाट पाहत उभा राहिलो, थैली भिंतीच्या बाजूला.

व्हॅनचं दार उघडलं. नातीन उतरली. आधी तिनं शेजारच्या बाईला शोधलं, मग मी दिसलो. पळत नाही आली, पण सरळ आली. दप्तर माझ्या हातात दिलं आणि माझा हात धरला. चांगला घट्ट. पुलावर पायऱ्या चढताना माझी बोटं दुखायला लागली, एवढा घट्ट.

मी म्हटलं, "बाई, एवढा काऊन धरला?"

ती तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली, "मम्मी बोली, आबाजी का हाथ छोडना नहीं. और बाइक पे बैठने नहीं देना."

मी वरच थांबलो. खाली वाहनं जात होती. लेकीनं मला पाठवलं होतं नातीनीला आणायला, आणि नातीनीला सांगून ठेवलं होतं मला आणायला. रागवायला पाहिजे होतं. पण हात सोडवून घ्यावासा वाटेना. म्हटलं, "बरं, चाल. धरून ठेव."

गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीटवाले उभे होते. हेल्मेटवाल्यानं गाडीकडे बोट दाखवून मला बसायची खूण केली आणि दात काढले. नातीनीनं त्याला बोट हलवून नाही म्हटलं. मीही नाही म्हटलं.

घरात शिरताच मी पोरीला म्हटलं, "आणलं पोरीले."

त्याच वेळी नातीन तिला सांगत होती, "मम्मी, आबाजी को ले आई."

पोरीनं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "शाबास. हात धुवा, दोघंही."