चमचाभर पपई

माझ्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक केला. रोज सहाशे माणसं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण चौघांपुरती भाजी त्यांना अजून जमत नाही. "उरली तर उरली, कमी पडता कामा नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उरलेलं मी खाते, तेव्हा माझं वजन कुणी विचारू नये.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा एक गिनीपिग आहे, ढब्बू. ती शाळेच्या सहलीला पाच दिवस निघाली तेव्हा प्रश्न आला, ढब्बूकडे बघणार कोण? मी आणि नवरा दिवसभर कामावर. आजोबा छाती काढून पुढे आले. "सहाशे तोंडं सांभाळली मी. हा एवढासा उंदीर मला जड आहे?"

"उंदीर नाहीये तो," लेक फणकारली आणि तिने पिंजऱ्यावर चिठ्ठी चिकटवली: गवत भरपूर, पाणी रोज, पपई किंवा आंबा साल-बी काढून चमचाभर, आठवड्यातून दोनदाच.

आता गोम अशी, की कॅन्टीनमध्ये चमचा म्हणजे भाजी वाढायचा, हातभर दांड्याचा. चहात साखर ढवळायची ती चमची. आजोबांनी चिठ्ठी शब्दशः पाळली. सोमवारी चमचाभर पपई, बुधवारी चमचाभर आंबा, फोडी अगदी एकसारख्या. ढब्बूने गवताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आजोबा खूश. "माझ्या हातची चव लागली त्याला!"

बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तर ढब्बू पोट फुगवून कोपऱ्यात बसलेला, खालचं फडकं घाण झालेलं. गवत पुढे केलं तर तोंड फिरवलं. आम्ही तसेच प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो.

"फळ किती दिलंत?"

"चमचाभर," आजोबा छातीठोकपणे म्हणाले आणि चमचा केवढा ते दोन्ही हातांनी दाखवलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आजोबा, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे होतो याला. खरं अन्न गवत. याचं खाणं थांबलं की आतडी थांबतात, आणि मग हा मरतो."

कॅन्टीनच्या एकतीस वर्षांत "जास्त झालं" असं त्यांना कुणी म्हटलं नसावं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मात्र बाईंनी दिलेली पेज बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब पाजत ते दोन दिवस पिंजऱ्यापाशी बसून होते. शुक्रवारी सकाळी ढब्बूने गवताची एक काडी ओढली.

संध्याकाळी लेक आली. मी सगळं सांगितलं, काहीही न झाकता. ती ओरडली नाही, रडली नाही. पिंजरा उचलून स्वतःच्या खोलीत नेला आणि आतून कडी लावली.

आजोबा गवताची मूठ घेऊन दाराबाहेर उभे. "फळ नाही गं, नुसतं गवत आहे."

कडी निघाली. दार हातभर उघडलं. तिने गवत घेतलं, उलटंपालटं करून नीट पाहिलं, आणि पुन्हा कडी लावली.